जुने वॉकी-टॉकी : भंगारात देण्यापूर्वी हे तपासा

दुकान एका ठिकाणी आणि गोदाम दुसऱ्या ठिकाणी असलेल्या व्यापाऱ्याला वॉकी-टॉकीचा उपयोग समजावून सांगायला नको. वरच्या माळ्यावरून कपड्याच्या गाठी खाली सोडायच्या, खाली टेम्पो लागलेला, शेजारी यंत्रमागांचा खडखडाट. अशा वेळी मोबाइलवर नंबर फिरवीत बसणे परवडत नाही. बटण दाबताच बोलणे पोहोचले पाहिजे. पण चांगल्या कंपनीचे नवे सेट महाग असतात. म्हणून आमचे बरेच व्यापारी बांधव जुने सेट घेतात आणि नेमके तेथेच फसतात.

आम्हीही फसलो. सन २०१९ मध्ये भिवंडीतील गोदामासाठी आम्ही वीस जुन्या सेटचा एक लॉट उचलला. माल एका बांधकाम ठेकेदाराचा होता. त्यातले चौदा बाओफेंगचे बीएफ-८८८एस आणि सहा मोटोरोलाचे जीपी-३००. एका दुरुस्तीवाल्याने पाहून सांगितले, नऊ चालू आहेत, अकरा मेले. ते अकरा सेट किलोच्या भावाने देऊन टाकायची आमची तयारी झाली होती. तेवढ्यात शेजारच्या गल्लीत मोटार रिवाइंडिंग करणाऱ्या एका तरुण कारागिराने ते मागून घेतले. तीन रात्री संगणकापुढे बसून त्याने अकरापैकी नऊ सेट बोलते केले. एकही सुटा भाग बदलला नाही. बिघाड सेटमध्ये नव्हताच, तो सेटच्या आत भरलेल्या माहितीत होता. त्याच्याजवळ बसून जे पाहिले आणि पुढे स्वतः चुकत चुकत जे शिकलो, ते येथे देत आहोत.

सेटचे प्रोग्रॅमिंग म्हणजे काय?

आमच्या धंद्यातली मिसाल घ्या. जॅकार्डच्या मागाला कोणता धागा उचलायचा हे भोके पाडलेले कार्ड सांगते. माग उत्तम असला तरी कार्ड चुकीचे लागले तर डिझाइन बिघडते. त्यासाठी कोणी माग मोडीत काढीत नाही, कार्ड बदलतो. वॉकी-टॉकीचेही तसेच आहे. कोणत्या चॅनलवर कोणत्या फ्रिक्वेन्सीने बोलायचे, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ऐकायचे, कोणता टोन लावायचा, किती वेळ सलग बोलू द्यायचे, हे सारे सेटच्या आतल्या स्मृतीत लिहिलेले असते. मोटोरोलाचे लोक त्याला कोडप्लग म्हणतात. बीएफ-८८८एसला पडदाच नाही, वर फक्त सोळा चॅनलची फिरती कळ आहे. त्यामुळे त्याचे कार्ड बदलायचे तर संगणक आणि खास केबल यांशिवाय इलाज नाही.

संगणकाला हात लावण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे सेटची बॅटरी काढून मागची पट्टी वाचणे. तिच्यावरचा मॉडेल नंबर वहीत जसाच्या तसा उतरवावा. नावात एका अक्षराचा फरक असला तरी सेट वेगळा असू शकतो. सेट व्हीएचएफ आहे की यूएचएफ, हेही पाहावे. हातातल्या व्हीएचएफ सेटचा पट्टा साधारण १३६ ते १७४ मेगाहर्ट्झ असतो. यूएचएफ सेटचा साधारण ४०० ते ४७० मेगाहर्ट्झ. व्हीएचएफ सेट संगणकावर बसून यूएचएफ करता येत नाही, कारण आतले भागच वेगळे असतात. दोन पट्ट्यांचे सेट एकाच लॉटमध्ये आले तर ते एकमेकांशी कधीच बोलणार नाहीत. असा माल घेताना हे आधी पाहिले नाही तर पुढची सारी मेहनत फुकट.

दुसरे काम बॅटरीचे. जुनी बॅटरी दिवा लावते, आवाजही देते, पण जोर पडला की बसते. संगणकाकडून माहिती भरली जात असताना बॅटरी बसली तर अर्धे जुने आणि अर्धे नवे असे कार्ड तयार होते आणि सेट मुका होतो. म्हणून पूर्ण भरलेली, खात्रीची बॅटरी लावूनच कामाला बसावे. तिसरे, अँटेना न लावता बोलण्याचे बटण दाबू नये. त्याने सेटच्या प्रक्षेपण भागाला इजा होऊ शकते.

केबल आणि पोर्ट : निम्मे बिघाड येथेच

आमच्या तजुर्ब्याप्रमाणे निम्म्याहून जास्त तक्रारी केबलच्या असतात. बाओफेंगच्या या सेटना केनवूड पद्धतीची दोन पिनांची केबल लागते, एक पिन जाड आणि एक बारीक. सेटच्या प्लॅस्टिकची कड आडवी आली की पिन शेवटपर्यंत बसत नाही. डोळ्यांना बसलेली दिसते, पण आत थोडी जागा उरते. केबल लावताच सेटचा लाल दिवा आपोआप लागला तर समजावे की पिन अर्धवट आहे. अंगठ्याने जोर देऊन दाबावी. तरी बसत नसेल तर केबलच्या टोकाचे जादा प्लॅस्टिक धारदार पात्याने थोडे तासावे.

त्यानंतर केबलच्या यूएसबी टोकात दडलेली चिप. स्वस्त केबलमध्ये बहुधा प्रोलिफिक कंपनीच्या पीएल-२३०३ चिपची जुनी आवृत्ती किंवा तिची नक्कल असते. विंडोजच्या नव्या ड्रायव्हरला अशी चिप चालत नाही. संगणकाच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येते, ‘कोड १०’ असा दोष दिसतो, किंवा ही चिप २०१२ पासून बंद झाली, विकणाऱ्याला विचारा, अशा अर्थाची इंग्रजी ओळ येते. माणूस ती न वाचताच खिडकी बंद करतो आणि दोष सेटला देतो. इंग्रजी येवो न येवो, संगणकाने जे लिहिले ते अक्षर न् अक्षर उतरवून घ्यावे. त्या एका ओळीत बिघाडाचा पत्ता असतो. यावर उपाय दोन. त्या चिपसाठी चालणारा जुना ड्रायव्हर निवडावा. पुष्कळ कारागीर २००७ सालचा ३.२.०.० हा वापरतात. नाहीतर एफटीडीआय कंपनीच्या अस्सल चिपची केबल घ्यावी. रोजचे काम असेल तर दुसरा उपायच शेवटी स्वस्त पडतो.

ड्रायव्हर ठीक बसला की संगणक केबलला पोर्टचा नंबर देतो, मसलन कॉम-३ किंवा कॉम-७. प्रोग्रॅममध्येही तोच नंबर निवडावा लागतो. केबल दुसऱ्या भोकात लावली की नंबर बदलू शकतो. जुने काही प्रोग्रॅम कॉम-१ ते कॉम-४ एवढेच ओळखतात. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन नंबर खाली आणावा. दोन प्रोग्रॅम एकाच वेळी एकच पोर्ट धरून बसले तरी काम अडते. केबल चांगली की वाईट हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे चालू असलेला, त्याच मॉडेलचा एक सेट बाजूला ठेवणे. चालू सेटही वाचला गेला नाही तर दोष केबलचा किंवा संगणकाचा. चालू सेट वाचला गेला आणि दुसरा नाही, तरच दुसऱ्या सेटवर संशय घ्यावा.

आधी वाचा, मग लिहा

बाओफेंगसारख्या पुष्कळ सेटसाठी चर्प नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींवर चालतो. त्यात कंपनी आणि मॉडेल निवडून प्रथम सेटमधील माहिती संगणकात उतरवून घ्यायची. सेट उत्तर देत नाही असा निरोप आला तर हा क्रम धरावा : सेट बंद करा, पिन पुन्हा दाबून बसवा, सेट चालू करा, पोर्ट नंबर पाहा, मॉडेल पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या तर काम झाले तरी कशामुळे झाले हे कळत नाही, आणि पुढच्या सेटला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

माहिती उतरली की तिला हात लावण्यापूर्वी तशीच्या तशी जतन करावी. फाइलला मॉडेल आणि सेटवर आपण टाकलेला नंबर अशी नावे द्यावीत. मग पुन्हा एकदा वाचून दोन्ही वाचने सारखी आहेत का ते पाहावे. सारखी नसतील तर केबल भरवशाची नाही, लिहायला बसू नये. त्यानंतरच दुरुस्ती करून माहिती सेटमध्ये भरावी, आणि भरताना केबलला, सेटला, टेबलालाही धक्का लागू देऊ नये.

येथे आमची एक चूक कबूल करतो. वेळ वाचवायला आम्ही एका सेटची फाइल सरळ दुसऱ्यात भरली. दोघे दिसायला सारखे, पण आतून आवृत्ती वेगळी होती. आणि त्या दुसऱ्याची मूळ फाइल आम्ही घेतलेली नव्हती. तो सेट पुन्हा बोलला नाही. अकरापैकी खरोखर मेलेला सेट तो एकच, आणि त्याला मारणारे आम्ही. दुसरा एक सेट पासवर्डने बंद केलेला निघाला. असे कुलूप तोडायच्या नादी लागू नये. पासवर्ड मूळ मालकाकडून घ्यावा, न मिळाल्यास सेट परत करावा. कुलूप का आहे हे न सांगता विकणारा माल कोठून आणतो, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे.

जुन्या मोटोरोलाचे दुखणे

जीपी-३०० हा मजबूत सेट, पण त्याचा मूळ प्रोग्रॅम डॉसच्या जमान्यातला. तो वेळेचा हिशेब संगणकाच्या गतीवर ठेवतो. आजच्या वेगवान संगणकावर तो हिशेब चुकतो आणि सेट वाचता येत नाही. त्याला जुना, मंद संगणक आणि मागे नऊ पिनांचा खराखुरा सीरियल पोर्ट लागतो. यूएसबीची पट्टी जोडून भागवायला गेलो तर बहुतेक वेळा निराशाच पदरी येते. संगणक आणि सेट यांच्या मध्ये रिब नावाची एक डबी लागते. सीरियल पोर्टचे व्होल्टेज वेगळे, सेटचे वेगळे, त्यांचा मेळ ही डबी घालते. तिला स्वतःचा वीजपुरवठा किंवा बॅटरी लागते आणि पुष्कळदा नेमकी तीच उतरलेली असते.

सीरियल पोर्ट जिवंत आहे का हे पाहण्याची युक्ती अशी. त्याच्या दोन आणि तीन नंबरच्या पिना तारेच्या तुकड्याने जोडाव्यात आणि टर्मिनल प्रोग्रॅममध्ये काही टाइप करावे. टाइप केलेले परत पडद्यावर उमटले तर पोर्ट ठीक. तार काढल्यावर उमटणे थांबले पाहिजे. असा जुना संगणक कोणी भंगारात देत असेल तर या धंद्यातल्या कारागिराने तो जरूर राखून ठेवावा.

भरले, पण बोलत नाहीत

प्रोग्रॅमिंग यशस्वी झाले असे संगणक म्हणतो, तरी दोन सेट एकमेकांना ऐकत नाहीत. अशा वेळी लक्षणावरून रोग ओळखावा.

समोरचा बोलतो तेव्हा आपल्या सेटचा दिवा लागतो, पण आवाज येत नाही. मॉनिटरचे बटण दाबले की मात्र स्वच्छ ऐकू येते. याचा अर्थ फ्रिक्वेन्सी बरोबर, टोन चुकला. टोन म्हणजे आवाजाखाली लावलेली न ऐकू येणारी खूण, मसलन ८८.५ हर्ट्झ. बोलणाऱ्याने ती पाठवली तरच ऐकणाऱ्याचे दार उघडते. पाठवायचा आणि ऐकायचा टोन प्रोग्रॅममध्ये वेगवेगळ्या रकान्यांत असतो, दोन्ही तपासावेत.

आवाज येतो, पण दबका किंवा फाटलेला. तेव्हा एक सेट २५ किलोहर्ट्झच्या रुंद चॅनलवर आणि दुसरा १२.५ च्या अरुंद चॅनलवर आहे का ते पाहावे. दोन्ही सारखे करावेत.

दिवाही लागत नाही. तेव्हा पाठवण्याची आणि ऐकण्याची फ्रिक्वेन्सी तपासावी. मोठ्या कंपन्या उंच जागी रिपीटर बसवतात. त्यांचे सेट एका फ्रिक्वेन्सीवर बोलतात आणि दुसरीवर ऐकतात. रिपीटर नसलेल्या जागी असे दोन सेट समोरासमोर ठेवले तरी मुके. आमच्या ‘मेलेल्या’ सेटपैकी चार असेच होते. तिघांचा टोन जुळत नव्हता. दोघांचे चॅनलच पुसलेले होते. एकूण नऊ.

बोलताना एक मिनिटाने आवाज तुटतो, हा बिघाड नव्हे, तो वेळेचा बंध आहे. बटण दाबल्यावर नुसता सूचनेचा आवाज येतो आणि बोलणे जात नाही. तेव्हा चॅनल व्यस्त असताना बोलू न देण्याची सोय चालू आहे का ते पाहावे. सेट चिनी भाषेत चॅनलचा आकडा बोलतो, तीही प्रोग्रॅममधली एक खूणच आहे, ती बदलता येते.

क्रेनवाल्याने हात रोखला म्हणून

आता सर्वांत महत्त्वाचे. जे नऊ सेट पहिल्या दिवसापासून ‘चालू’ होते, ते आम्ही न वाचता, न तपासता गोदामात वापरायला दिले. महिनाभर काम झकास चालले. मग एके दिवशी एक सुपरवायझर विचारीत विचारीत दुकानात आला. तो त्याच ठेकेदाराचा माणूस होता. सेट विकले तरी त्यांची फ्रिक्वेन्सी आणि टोन आत तसेच होते, आणि दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या इमारतीवर ते लोक तोच चॅनल वापरीत होते. आमच्या हमालाने गाठीसाठी ‘सोड, खाली सोड’ असे सांगितले ते त्यांच्या क्रेनवाल्याच्या कानावर गेले. सळयांचा भारा वर टांगलेला, खाली मजूर. आवाज ओळखीचा वाटला नाही म्हणून त्याने हात रोखला. सुपरवायझर भांडला नाही. तो फक्त म्हणाला, शेठ, खाली सहा माणसे होती. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही.

म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, बिघडलेल्या सेटपेक्षा न तपासलेला चालू सेट जास्त धोक्याचा. जुना सेट हाती आला की त्यातले पहिल्या मालकाचे चॅनल पुसल्याशिवाय बटण दाबू नये.

आणि नवी फ्रिक्वेन्सी मनाने टाकायची नसते. १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून आपल्याकडे असा सेट नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागत आला आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही रेडिओ यंत्र बाळगण्यासाठी सरकारी परवानगीची अट आहे. फ्रिक्वेन्सी देण्याचे काम दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा करते. सेटची खरेदी-विक्री करणाऱ्यालाही वेगळा परवाना लागत आला आहे. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा कमी ताकदीच्या सेटसाठी परवान्यातून मोकळा केला, पण त्या सेटच्या नमुन्यालाही ईटीए नावाची सरकारी मान्यता हवी. जास्त ताकदीचा जुना सेट संगणकावर ४४६ वर आणून ठेवला की तो कायदेशीर झाला, हा गैरसमज आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीवरही बंधने घातली. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याला मान्यता आहे का, हे दाखवल्याशिवाय तो विकायला ठेवता येत नाही.

आम्ही त्याच दिवशी सारे सेट बंद केले आणि एका परवानाधारक विक्रेत्याच्या ताब्यात दिले. गोदामाला मान्यता असलेले, परवाना न लागणारे छोटे सेट घेतले. त्यांचा पल्ला कमी, पण वरचा माळा ते टेम्पो एवढे अंतर त्यांना जड नाही. खरे तर आमची गरज पहिल्यापासून तेवढीच होती.

घेणाऱ्याने आणि करणाऱ्याने

घेणाऱ्या बांधवांनी लॉट उचलताना चार गोष्टी मागाव्यात : मॉडेल नंबरची यादी, पासवर्ड नसल्याची खात्री, एक चालू केबल आणि पहिल्या मालकाच्या परवान्याची नक्कल. चार सेट तेथेच वाचून दाखवा म्हणावे. जो वाचून दाखवीत नाही त्याचा माल स्वस्त असला तरी महाग समजावा.

आणि हुनर असलेल्या तरुणांना सांगणे असे की, या कामाला मोठे दुकान लागत नाही. एक नवा संगणक, एक जुना, दोन-तीन अस्सल केबली, एक वही आणि धीर एवढे भांडवल पुरते. सुरक्षा एजन्सी, बांधकामवाले, मोठी गोदामे यांच्याकडे परवान्याचे सेट असतात आणि ते प्रोग्रॅमिंगअभावी पडून असतात. फक्त एक नियम पाळावा. गिऱ्हाईक तोंडाने सांगेल ती फ्रिक्वेन्सी भरू नये, त्याच्या परवान्याच्या कागदावर लिहिली असेल तीच भरावी, आणि त्या कागदाची नक्कल वहीत लावून ठेवावी. एखादे गिऱ्हाईक रागावून निघून जाईल. जाऊ द्यावे. दूर कोठेतरी भारा टांगलेला असतो आणि खाली माणसे उभी असतात, हे त्याला ठाऊक नसते.